खर्जाची पोलादी तार

आमच्या घरात आवाजालासुद्धा हद्द आखून दिलेली होती. पुरुषांचा आवाज ओसरीवरून निघून कळंबच्या पेठेपर्यंत गेला तरी चालत असे; बायकांच्या आवाजाने माजघराच्या उंबऱ्याशी थांबावे, अशी अपेक्षा होती. हा नियम कोणी कधी उच्चारला नाही. तो मोडला की अण्णा, म्हणजे माझे वडील, ओसरीवरून एकदा खाकरत, आणि आतल्या भांड्यांचा आवाजही खाली बसे. अण्णांची धान्याची आडत होती. सकाळी बैलगाड्या दाराशी लागत, पोती उतरत, मापाडी 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणून मोजणीला सुरुवात करी आणि पुढचे आकडे गाण्यासारखे लांबवीत नेई. गावाबाहेरून जिनिंगच्या इंजिनाचा ठोका ऐकू येई. आत आई ज्वारीच्या भाकरी थापत असे, शेंगांची चटणी कुटत असे. येसर, म्हणजे आमटीचा मसाला, भाजायला घेतले की त्याचा खमंग, किंचित जळका वास पोत्यांवरून तरंगत बाहेर जाई आणि हमाल आपसांत जेवणाच्या वेळेबद्दल बोलू लागत. मला लहानपणी वाटे की घराच्या दोन्ही भागांना एकच ताल आहे. ताल एकच होता, हे खरे; पण ऐकू जाण्याचा हक्क एकाच बाजूला होता.

माझी आत्या, गंगाबाई, या हद्दीच्या अलीकडे राहून मेंडोलिन वाजवीत असे. तिचे सासर आळंदकडचे. यजमान एका कानडी नाटक मंडळीत मेंडोलिन वाजवीत, आणि त्यांनीच तिला शिकवले होते. ते तापाने गेल्यावर एक ट्रंक, दोन इरकली लुगडी आणि ते वाद्य घेऊन ती थोरल्या भावाकडे परतली, तेव्हा मी पाच वर्षांची होते. अण्णा निर्दय नव्हते. त्यांनी वाद्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "वाजव. आवाज ओसरीवर आला न्हाय पायजे." चार जोड्यांत बसवलेल्या आठ तारांचे ते छोटे वाद्य, त्याचा आवाज असून असून किती? आत्या दुपारी धान्याच्या कोठीत, पोत्यांच्या दोन थप्प्यांमध्ये बसून वाजवी. पोती आवाज शोषून घेतात, हे मी पुढे पदार्थविज्ञानात शिकले. आत्याला ते कोणी न शिकवता ठाऊक होते. बारा वर्षे तिने असे वाजवले, आणि त्या बारा वर्षांत तिचे वाजवणे आई, मी आणि धान्यातले किडे यांच्यापलीकडे कोणी ऐकले नव्हते.

हैदराबादच्या मुलींच्या कॉलेजातून इंटर सायन्स पास होऊन मी घरी आले, तेव्हाची ही हकिकत आहे. आमचे सगळे शिक्षण उर्दूतून झालेले. लोहचुंबकाला मी मनातल्या मनात अजूनही 'मक्नातीस' म्हणते आणि विजेला 'बर्क'. मला पुढे बी. एस्सी. करायचे होते. अण्णांच्या मनात जवळच्या वाशी गावचे एक स्थळ होते. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी मला ओसरीच्या दाराशी बोलावले.

"गौरा, वाशीचे लोक याच महिन्यात येनार हायत."

"अण्णा, कॉलेज उघडायला पाच आठवडे आहेत."

"दोन वर्षं शिकलीस की. आता अजून काय राह्यलंय?"

"अर्धं. चारातली दोन वर्षं."

ते हसले. अण्णांना हिशेबी उत्तर आवडत असे. मात्र आवडले म्हणून पटले, असा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांच्या हातात पोत्यात खुपसायची परखी होती, पोत्याच्या पोटातले धान्य उघडून न बघता बाहेर काढणारी ती लोखंडी नळी. ती माझ्यासमोर धरून ते म्हणाले, "मी माल असा बघतो. वरचं वरचं न्हाय बघत. तू शास्त्र शिकलीस म्हनतीस, मग घरात कायतरी करून दाखीव. चालतंय असं दिसलं, तर कॉलेज. न्हाय तर वाशी." ही अट मला अन्यायाची वाटली, आणि आजही वाटते. मुलग्याला कोणी असे परखी लावून पाहिले नसते. पण अट अटच होती, आणि मी ती स्वीकारली.

ओसरीवर अण्णांचा रेडिओ होता. लढाईच्या बातम्या ऐकायला घेतलेला, बॅटरीवर चालणारा, संदुकीएवढा. त्याची बॅटरी जिनिंगमधले इंजिनवाले दस्तगीरचाचा आठवड्याला भरून आणीत. रेडिओच्या पाठीमागे दोन भोके होती, ग्रामोफोन जोडण्यासाठी ठेवलेली. आमच्याकडे ग्रामोफोन नसल्याने त्यांत कोळ्यांनी घर केले होते. माझ्या ट्रंकेत कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मोडीत निघालेला, कानाला लावून ऐकायचा एक गोल डबा होता. त्याच्या आत चुंबक, चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तारेचे वेटोळे आणि वर लोखंडी पत्र्याची चकती. वेटोळ्यातून वीज गेली की चकती हलते आणि आवाज होतो. मी उलटा विचार केला. चकती काढून टाकली आणि तिच्या जागी मेंडोलिनची तार हलवली, तर वेटोळ्यात वीज निर्माण व्हायला हवी. ती वीज रेडिओच्या त्या दोन भोकांत नेली, तर रेडिओने तिला मोठ्या आवाजात बोलते करायला हवे. म्हणजे आत्या कोठीतच बसेल, नियमाप्रमाणे. आणि वाजेल ते ओसरीवर. नियम शब्दशः पाळून त्याला निकामी करण्यात जो आनंद असतो, तो मला त्या दिवशी प्रथम कळला.

दस्तगीरचाचांनी पंधरा हात तार आणून दिली. उंच, वाकलेले, दाढीला इंजिनाच्या तेलाचा वास. माझी कल्पना ऐकून त्यांनी डबा उलटसुलट केला.

"बेटी, ये तो सुनने का है. बोलायचं काम याला कसं देती?"

"चाचा, जे ऐकू शकतं ते बोलू शकतं."

"हौ? मग आमची बेगम फक्त बोलती, तिला ऐकायचं काम दे की." आणि स्वतःच्याच विनोदावर हसत त्यांनी तारेची टोके सोलून दिली.

डबा मी घोडीच्या, म्हणजे तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात तिच्या, पुढे मेणाने आणि चिपाडाच्या दोन तुकड्यांनी बसवला, तारांच्या खाली, पोस्टकार्डाच्या जाडीइतके अंतर ठेवून. तार उंबऱ्याखालून ओसरीवर नेली. मला आत्याने शिकवलेले चार-पाच स्वर वाजवता येत, वरच्या दोन बारीक जोड्यांवर. मी ते वाजवले. ओसरीवर उभ्या असलेल्या आईने तोंडावर पदर धरला आणि आत येऊन एवढेच म्हणाली, "बाहेर तूच हायस." प्रयोग यशस्वी झाला, असे मी जाहीर केले. दोन जोड्यांवर निरीक्षण केले आणि चार जोड्यांबद्दल निष्कर्ष काढला. पुढे चाळीस वर्षे विद्यार्थिनींना मी ज्या चुकीसाठी झापत आले, ती पहिल्यांदा मी स्वतः केली होती.

अण्णांनी संध्याकाळी बातम्यांच्या वेळी पेठेतले तिघे व्यापारी बोलावले. रेडिओतून वाद्य वाजेल, एवढेच मी त्यांना सांगितले होते; वाजवणार कोण, ते नाही. आत्या कोठीत बसली. तिने नेहमीची कानडी चाल धरली. ती खर्जातून सुरू होते, हळूहळू वर चढते आणि पुन्हा खाली उतरते. मी रेडिओजवळ उभी होते. सुरुवातीला काहीच ऐकू आले नाही. मग मध्येच चार स्वर आले, स्वच्छ, खणखणीत. मग पुन्हा शांतता. मग दोन स्वर. एखाद्याने बोलता बोलता दर दुसऱ्या शब्दाला तोंड मिटावे, तसे. आत आत्या मन लावून पुरी चाल वाजवीत होती आणि तिला बाहेरचे काही कळत नव्हते. एक व्यापारी म्हणाले, "पोरीचा रेडिओ तोतरा हाय की." सगळे हसले. अण्णाही हसले, आणि ते मला अधिक लागले. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "तुझ्या शास्त्राला अर्धंच ऐकू येतंय. वाशीवाल्यांना येत्या रविवारी बोलावतो."

मी रडले नाही. रडून तारा वाजत नाहीत. सकाळी मी मेंडोलिन मांडीवर घेऊन एकेका तारेची तपासणी सुरू केली. प्रथम वाटले, डबा मध्यापासून सरकला असेल. तो खालच्या तारांकडे सरकवला. वरच्या बारीक जोड्यांचा आवाज थोडा कमी झाला, खालच्या मुक्याच राहिल्या. अंतर कमी केले, मुक्याच. तेव्हा मी डबा सोडवून चुंबक उघडाच तारांजवळ नेला. बारीक तारा त्याच्याकडे ओढल्या गेल्या. जाड्या तारा ढिम्म. त्या पिवळ्या होत्या. इतकी वर्षे मी त्या पाहत होते आणि त्यांच्या रंगाचा अर्थ मला लागला नव्हता. चुंबक पितळेला ओळखत नाही. त्याच्या दृष्टीने त्या तारा तिथे नव्हत्याच.

"आत्याबाई, खालच्या चारी तारा काढाव्या लागतील."

आत्या भाकरीवर लोणी लावीत होती. ती थांबली. "खर्जाला पितळच असती. आमच्या ह्यांनी सांगितलेलं. पितळ गोड बोलती."

"गोड बोलते, पण तुमच्या कानाशी. वेटोळ्याला ती ऐकूच येत नाही."

"म्हंजे त्या मशिनीच्या कानासाठी मी माझी तार बदलू?"

"ओसरीवर जायचं असेल तर."

तिने भाकरीचा तुकडा मोडला, मला दिला आणि म्हणाली, "बघू, कसली लावतीस ती. वाईट बोलली तर पुन्हा पितळ." एवढी परवानगी मला पुरेशी होती.

पोलादी तार कळंबच्या कोणत्याही दुकानात मिळेना. मिळाली ती लग्नघरातून. शेजारी गोंधळ होता आणि तुळजापूरकडचे गोंधळी आले होते. त्यांच्यातल्या तुणतुणेवाल्याला मी दुपारी ओट्यावर गाठले आणि विचारले की त्यांच्या वाद्याची तार कोणत्या धातूची असते. म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, रातभर वाजवायचं असतंय, संबळाच्या शेजारी. पितळ लावली तर संबळ खाऊन टाकंल तिला. पोलाद लागतं." त्याच्या पिशवीत नव्या तारेचे वेटोळे होते. मी कशासाठी विचारते, हे ऐकल्यावर तो जरा विचारात पडला. "आमची तार देवीच्या कामाची. तुमचं काम कुनाचं?" मी म्हटले, "आत्याचं." त्याने मान हलवली आणि सोळा हात तार तोडून दिली. कोणाचे काम देवीचे आणि कोणाचे नाही, याचा निवाडा त्याने माझ्यापेक्षा लवकर केला होता.

आता ही तार बारीक होती. खर्जात उतरवली की दोरीसारखी लोंबे. दस्तगीरचाचांनी जिनिंगमधून जाड पोलादी तार आणली. ती मोकळी छेडली की स्वर बरोबर येई, पण पडद्यावर बोट दाबले की चढून भलतीकडे जाई. कारण उघड होते. पोलाद पितळेपेक्षा ताठर. जाड पोलाद थोडेसे दाबले तरी ताण फार वाढतो. मला वजन हवे होते, ताठरपणा नको होता. ही दोन्ही एकाच तारेकडून मागणे चूक होते. म्हणून मी ती दोन तारांत वाटून दिली: आत गोंधळ्याची बारीक पोलादी तार, तिच्याभोवती मळसूत्रासारखे घट्ट गुंडाळलेले तांबे. तांबे वजन देईल, पोलाद चुंबकाशी बोलेल. तांबे चाचांकडे होते, जळालेल्या डायनामोचे. अशा तारा आज माझी नात कागदी पाकिटातून विकत आणते. पाकिटावर जाडीचे आकडे छापलेले असतात आणि तिला त्यांचे काही वाटत नाही. वाटू नये, हेच ठीक. पण त्या पाकिटात काय असते, हे मला माझ्या नखांनी माहीत आहे.

गुंडाळायला आईचा सूत कातायचा चरखा घेतला. पोलादी तारेचे एक टोक चातीला बांधले, दुसरे आत्याने ताणून धरले, आई चाक फिरवी आणि मी तांब्याची तार बोटांतून सोडीत जाई. पहिल्या दोन तारा पीळ बसून तुटल्या. चातीकडचे टोक फिरे, आत्याच्या हातातले स्थिर. तार स्वतःभोवतीच पिळवटे. दोन्ही टोके एकत्र फिरायला हवी होती. तेव्हा आईने, जिने कधी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, चाक थांबवले आणि आडावरच्या पोहऱ्याची फिरती कडी काढून आणली. "दोराला पीळ पडू नये म्हनून असती ही," ती म्हणाली. "तारंला का चालायची न्हाय?" कडी भिंतीच्या खुंटीला बांधली, तार कडीला. तीन दिवसांत आम्ही सात तारा केल्या. चार चांगल्या निघाल्या. माझ्या बोटांच्या कातडीत तांब्याचे हिरवे डाग पंधरा दिवस राहिले.

तारा चढवणे हेही काम होते. घोडी मेंडोलिनला चिकटवलेली नसते; तारांच्या दाबावर उभी असते. म्हणून सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत. एक काढायची, एक चढवायची. नवी जाड तार पडद्यावर अजूनही जराशी चढे, तेव्हा घोडीची खर्जाकडची बाजू मी जोंधळ्याच्या अर्ध्या दाण्याएवढी मागे सरकवली, म्हणजे त्या तारेची लांबी तेवढी वाढली. आत्या छेडे, मान हलवी, "अजून", मी सरकवी. शेवटी ती काही न बोलता वाजवू लागली, आणि मी थांबले. तिने पुरी चाल वाजवली, शेवटी खर्जाच्या तारेवर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "पितळेसारखी गोड न्हाय." थोड्या वेळाने म्हणाली, "पर लांब बघती."

रविवारी वाशीहून तिघे आले: मुलाचे वडील, मामा आणि मुलगा. आईने भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, वर भाजलेल्या शेंगदाण्यांचा थर. मी ठरल्या जागी, रेडिओशेजारच्या सतरंजीवर बसले. मामा बोलके होते.

"हैदराबादला शिकलीय म्हनं. शास्त्र, आन् तेबी उर्दूत?"

"हो."

"मग भाकरी पन उर्दूतच थापती का काय?"

"भाकरीला भाषा लागत नाही, मामा. आच लागते."

मुलाच्या वडिलांना हसू आले. ते म्हणाले, "शिकलीस, चांगलं झालं. पर येतं काय काय, ते सांग की." अण्णांनी शिवण, रांधण वगैरे सुरू केले. आई रिकाम्या बशा घेऊन आत गेली. तीच आमची ठरलेली खूण होती. मी हात लांब करून रेडिओची कळ फिरवली.

खर्जातून चाल सुरू झाली. संदुकीच्या लाकडासकट ती ओसरी भरून गेली. एकही स्वर गळला नाही. मापाडी दाराशी येऊन उभा राहिला. रस्त्याने जाणाऱ्या गाडीवानाने बैल थांबवले. मी अण्णांकडे पाहिले. त्यांना पहिल्याच स्वरात कळले होते. बारा वर्षांपूर्वी त्यांनी घातलेली अट त्यांच्याच रेडिओतून, त्यांच्याच होऊ घातलेल्या व्याह्यांसमोर मोडली जात होती. मी बोलायला तोंड उघडले, तेवढ्यात मुलाचे वडील खुशीने म्हणाले, "वा, हैदराबाद स्टेशन लई साफ लागतंय तुमच्याकडं."

अण्णा उठले. "गौरा, जरा आत ये."

कोठीच्या दारात, आत्याच्या समोरच ते थांबले. आत्याने वाजवणे बंद केले होते आणि तारांवर तळहात झाकून धरला होता. अण्णांचा आवाज दबका होता, पण त्यात राग नव्हता, व्यवहार होता. "तुझं मशीन चालतंय. बघितलं मी. बाहेर जाऊन एवढंच म्हन की, व्हय, स्टेशन होतं. वाशीचं मी बघून घेतो, नकार मी देतो. तू कॉलेजला जा. शब्द देतो. इधवा बहीन घरात वाद्य वाजवती हे चारचौघांत गेलं, तर माझ्या इज्जतीचं काय राहतंय?"

मला हवे होते ते सगळे त्या बोलण्यात होते. अण्णा दिलेला शब्द कधी मोडीत नसत, हे सारी पेठ जाणे. तो मोह नव्हता असे मी आज म्हटले, तर ती लबाडी होईल. आत्याने माझी अडचण ओळखली. "म्हन बाई," ती म्हणाली. "माझं काय जातंय? स्टेशन तर स्टेशन. वाजलं की न्हाय?" आणि तळहात तारांवरून उचलला नाही.

आमच्या प्रयोगशाळेत एका मुलीने अपेक्षित उत्तराशी जुळावे म्हणून मोजमापाचा आकडा बदलून लिहिला, तेव्हा आमच्या बाईंनी तिची वही बंद करून एवढेच विचारले होते, 'मग तू पाहिलंस ते कुठं गेलं?' मी ओसरीवर परत आले. बसले नाही, उभीच राहिले.

"ते स्टेशन नव्हतं," मी म्हणाले. "आत माझी आत्या वाजवत होती. गंगाबाई. रोज वाजवते, बारा वर्षं. तारा आम्ही घरी केल्या आहेत. मला काय येतं, ते तुम्ही विचारलं होतं."

मुलाच्या वडिलांनी हातातला कप खाली ठेवला. "त्या... इकडं परत आलेल्या?"

"हो. त्याच."

मामा म्हणाले, "आमाला सून पायजे हाय, बाई. रेडिओ न्हाय." कोणी हसले नाही. मुलगा एवढा वेळ एकही शब्द बोलला नव्हता. तो रेडिओच्या पाठीमागे वाकून तार कुठे गेली आहे, ते पाहत होता आणि त्याला काहीतरी विचारायचे होते. त्याने विचारले नाही. पुढे तो कधी भेटला नाही. पण विचारले असते तर मी सांगितले असते. कळवतो म्हणून ते निघून गेले. त्यांनी कळवले नाही.

अण्णा त्या संध्याकाळी मला म्हणाले, "मी शब्द दिला होता. घेतला न्हाईस तू." हे तर्काला धरूनच होते: पहिली अट मी व्यापाऱ्यांसमोर हरले होते आणि दुसरा शब्द मी घेतला नव्हता. कॉलेजचा विषय संपला, असे त्यांच्या आवाजावरून कळत होते, आणि मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मी ट्रंक भरू लागले. रोज एक वस्तू, सगळ्यांच्या देखत. पुस्तके, मग लुगडी, मग कंपासपेटी. अण्णा बघत आणि ओसरीवर निघून जात. गंमत अशी की त्यांनी ती तारही तोडली नाही. रेडिओच्या मागून ती उंबऱ्याखाली तशीच गेलेली होती, आणि आत्या सकाळी एकदा, दुपारी एकदा वाजवी. अण्णांनी कळ बंद केली असती तर ओसरीवर काही ऐकू आले नसते. ते परखी घेऊन पोत्यांतच असत. कळेला हात लावायला त्यांना सवड होत नसे.

कॉलेज उघडायला आठवडा उरला, त्या दिवशी मी त्यांना विचारले, "येडशीला आगगाडी गाठायची तर सोमवारी निघावं लागेल. निघू?"

"न्हाय," अण्णा म्हणाले.

तेव्हा आत्या कोठीतून उठून आली. माजघर ओलांडून उंबऱ्यावर उभी राहिली. त्या उंबऱ्यावर ती इतरांसमोर कधी उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. ओसरीवर दोन शेतकरी आणि मापाडी बसले होते. तिच्या हातात मेंडोलिन होते. डब्याची तार तिने सोडवून टाकली होती.

"दादा," ती म्हणाली, "पोरगी सोमवारी जाईल. न्हाय तर बाजाराच्या दिवशी मी इथं तुमच्या गादीशेजारी बसून वाजवीन. आन् मला बॅटरी लागत न्हाय."

शेतकऱ्यांनी जमिनीकडे पाहिले. अण्णा बहिणीकडे पाहत राहिले, जणू एखादे पोते त्यांनी इतकी वर्षे वरूनच पाहिले होते. त्यांनी हो म्हटले नाही. नाहीही म्हटले नाही. अण्णांचे दुसरे 'नाही' न येणे हेच उत्तर होते, आणि ते मी उत्तर म्हणून घेतले.

सोमवारी दस्तगीरचाचांची बैलगाडी तेलाचे डबे आणायला येडशीला निघाली होती. मी तिच्यात बसले. ट्रंक मागे बांधली होती. अण्णा ओसरीवरून खाली आले, ट्रंकेची दोरी एकदा ओढून पाहिली, गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती सगळ्यात खालची तार. सकाळी बरी असती. दुपारी ऊन चढलं की उतरती."

ते बरोबर होते. रोज सकाळी आणि रोज दुपारी लक्ष देऊन ऐकल्याशिवाय हे कोणाला कळणारे नव्हते. मी म्हणाले, "उष्णतेनं पोलाद वाढतं, अण्णा. ताण कमी होतो. दुपारी वाजवण्यापूर्वी खुंटी जरा..."

"मला काय सांगतीस," अण्णा म्हणाले. "तिला सांगून ये."

चाचा म्हणाले, आगगाडी चुकेल. अण्णांनी बैलांचा कासरा हातात धरला आणि मी खाली उतरून आत गेले.